सुटीत वाचू या गावाजवळचा खडक

वार्षिक परीक्षा संपली की पहिले आठ-दहा दिवस मजेत जातात. नंतर मात्र "आता करायचे काय?" असा प्रश्न पडू लागतो. कोणी मामाच्या गावी जातो, कोणी महाबळेश्वर किंवा वेरूळ पाहून येतो. पण लांबचा प्रवास सर्वांनाच जमतो असे नाही. गाडीभाडे असते, घरची कामे असतात, वडिलांना रजा नसते. मग सुटी फुकट गेली असे समजायचे का?

मुळीच नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्याला निसर्गाने एक मोठी सोय करून ठेवली आहे. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग एकाच जातीच्या खडकाने व्यापलेला आहे. वेरूळचे कैलास लेणे ज्या खडकात कोरले आहे, रायगडाचे कडे ज्या खडकाचे आहेत, त्याच जातीचा खडक तुमच्या गावामागच्या टेकडीत, ओढ्याच्या पात्रात आणि शेतातल्या विहिरीत आहे. लांबच्या प्रेक्षणीय स्थळी जे कळते, त्यातले पुष्कळसे घरापासून तासाभराच्या चालीवर कळू शकते. त्यासाठी पाहायचे काय आणि मोजायचे काय, एवढे ठाऊक असले पाहिजे.

साहित्य अगदी थोडे लागते. एक वही, पेन्सिल, मोजपट्टी, दहा-पंधरा मीटर दोरी, लोखंडी खिळा, झाकणाची एक पारदर्शक बाटली आणि शाळेतून मिळाला तर तानकाटा. चला तर, टेकडीपासून सुरुवात करू.

पायऱ्यांचे डोंगर

एस.टी.तून जाताना घाटमाथ्यावरचे डोंगर नीट पाहा. त्यांचा उतार सरळ नसतो. उभा कडा, मग थोडी सपाटी किंवा मंद उतार, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी अशा पायऱ्या दिसतात. बऱ्याच डोंगरांचे माथे टेबलासारखे सपाट असतात. भूशास्त्रज्ञांनाही या पायऱ्यांनीच प्रथम भुरळ घातली. स्वीडिश भाषेत जिन्याला जो शब्द आहे त्यावरून या खडकांना 'ट्रॅप' हे नाव मिळाले. आपल्या पठारावरच्या या खडकसमूहास 'दक्षिण ट्रॅप' किंवा 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. तो आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे.

हे डोंगर वर उचलले जाऊन तयार झालेले नाहीत, ते थरावर थर साचून झालेले आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथील जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. त्याचे तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या वर असावे. हा शिलारस पातळ असल्यामुळे शंकूसारखा ज्वालामुखी पर्वत न होता तो पुराच्या पाण्यासारखा दूरवर पसरला आणि थिजला. त्यापासून जो काळा, जड खडक तयार झाला तो बेसाल्ट. आपण त्याला काळा पाषाण किंवा काळा फत्तर म्हणतो. एका प्रवाहावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे थर साचत गेले. सह्याद्रीच्या भागात त्यांची एकूण जाडी दीड ते दोन किलोमीटरपर्यंत भरते. पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते आणि नागपूरजवळ हे थर संपू लागतात.

६.६ कोटी वर्षे म्हणजे किती? एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर असे धरा. मग ६.६ कोटी वर्षे म्हणजे ६६ किलोमीटर होतात. पुणे ते लोणावळा हे अंतर जवळजवळ तेवढेच आहे. याच मापाने कार्ल्याचे चैत्यगृह कोरल्याला दोन मीटर झाले. आपण ज्याला प्राचीन म्हणतो ते सारे या रस्त्याच्या शेवटच्या दोन-चार पावलांत मावते!

पायरी मोजू या

टेकडीची एक पायरी किती उंच आहे? हे मोजण्यासाठी किमती उपकरण नको. पारदर्शक बाटली पाण्याने अर्धी भरा आणि झाकण घट्ट लावा. बाटली आडवी करून डोळ्यासमोर धरा. पाण्याची पातळी नेहमी क्षितिजसमांतर असते, म्हणून पाण्याच्या पृष्ठभागाच्या रेषेत समोर पाहिले की टेकडीच्या उतारावरचा जो दगड किंवा झुडूप त्या रेषेत येईल ते तुमच्या डोळ्याच्याच उंचीवर असते. ते लक्षात ठेवा, चढून तेथे जाऊन उभे राहा आणि पुन्हा तसेच पाहा. माथ्यापर्यंत असे किती वेळा करावे लागले ते मोजा.

समजा, तुमच्या पायापासून डोळ्यापर्यंतची उंची १.४५ मीटर आहे आणि एका पायरीसाठी १२ वेळा पाहावे लागले. मग पायरीची उंची १२ × १.४५ = १७.४ मीटर झाली. दोघा मित्रांनी वेगवेगळी मोजणी करून उत्तरे ताडून पाहावीत. थोडा फरक येईल. तो का आला याचा विचार करणे हाही प्रयोगाचाच भाग आहे.

एक पायरी म्हणजे नेहमी एकच प्रवाह असतो असे मात्र समजू नका. कधी एका पायरीत दोन-तीन प्रवाह असतात. ते ओळखण्यासाठी खडकाची कड जवळून पाहावी लागते.

प्रवाहाची खूण

रस्ता रुंद करताना टेकडीचा जो भाग उभा कापलेला असतो, तो आपल्यासाठी उघड्या पुस्तकासारखा आहे. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला सुरक्षित उभे राहून खालून वर पाहत जा.

प्रवाहाचा मधला भाग घट्ट, एकसंध व गडद असतो. शिलारस आतल्या बाजूला सावकाश थंड झाल्यामुळे तो असा होतो. वरचा भाग मात्र जाळीदार दिसतो. सोडा वॉटरची बाटली उघडल्यावर जसे बुडबुडे वर येतात, तसे शिलारसातील वायूंचे बुडबुडे वर जमले आणि खडक थिजताना तेथेच अडकले. त्या पोकळ्या आजही शिल्लक आहेत. त्यामुळे जाळीदार भाग लागला की प्रवाहाचा माथा आला असे समजावे.

दोन प्रवाहांमध्ये काही ठिकाणी वीटकरी रंगाचा मऊ मातीचा पट्टा आढळतो. खेड्यात त्याला गेरूचा थर म्हणतात. एक प्रवाह थिजल्यानंतर पुढचा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला, पावसापाण्याने पृष्ठभाग झिजून माती झाली आणि नंतर आलेल्या तप्त शिलारसाने ती भाजून निघाली, अशा रीतीने असे पट्टे तयार झाले. काही पट्ट्यांत ज्वालामुखीची राखही असते. म्हणजे हा लाल पट्टा ज्वालामुखीच्या विश्रांतीची खूण आहे.

आता पायऱ्यांचे कोडे सुटते. घट्ट भाग झिजेला दाद देत नाही, म्हणून त्याचा उभा कडा राहतो. जाळीदार भाग आणि लाल पट्टा लवकर झिजतात, म्हणून तेथे उतार किंवा सपाटी होते. किल्ले बांधणाऱ्यांनी या रचनेचा नेमका उपयोग केला. कड्याने आयता तट दिला, सपाटीवर माची वसली आणि घट्ट खडकात खोदलेल्या टाक्यांतून पाणी झिरपून गेले नाही. लेणी कोरणाऱ्यांनाही असाच घट्ट, एकसंध थर हवा असे. पुणे शहराच्या मध्यवस्तीतील पाताळेश्वराचे लेणे आठव्या शतकाच्या सुमारास याच काळ्या पाषाणात कोरले गेले. जवळच्या गडावर गेलात तर टाके कोणत्या थरात खोदले आहे, हे अवश्य पाहा.

काही ठिकाणी खडकाचे उभे, बहुकोनी खांब झालेले दिसतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशा खांबांचीच बनलेली असून ती सुमारे २०० फूट उंच आहे. खांब का झाले? शिलारस थंड होताना आकुंचन पावतो आणि त्याला तडे जातात. हे तडे पृष्ठभागापासून आत उतरत गेले की खांब सुटे होतात. याचा छोटा नमुना मे महिन्यात प्रत्येक गावात पाहायला मिळतो. आटलेल्या तळ्याच्या तळाशी चिखलाच्या बहुकोनी खपल्या झालेल्या असतात. चिखल पाणी गमावून आकसतो, शिलारस उष्णता गमावून आकसला. दहा खपल्यांच्या बाजू मोजा. पाच आणि सहा बाजूंच्या किती भरतात ते वहीत लिहा.

पोकळ्यांतले पाहुणे

जाळीदार खडकातील पोकळ्या सगळ्याच रिकाम्या नसतात. खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्यात विरघळलेली द्रव्ये पोकळ्यांत साचून तेथे पांढरे, हिरवट किंवा गुलाबी स्फटिक तयार झाले. त्यांत गारगोटी, कॅल्साइट आणि झिओलाइट गटातील खनिजे असतात. झिओलाइट हे नाव स्वीडिश शास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये दिले. एक खनिज तापवताना त्यातून वाफ निघालेली पाहून त्यांनी ग्रीक भाषेतील 'उकळणारा दगड' या अर्थाचे नाव योजले. महाराष्ट्रातील झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत सापडलेले कॅव्हन्साइट हे गडद निळे खनिज तर विशेष प्रसिद्ध आहे. नाशिक जिल्ह्यात सिन्नर येथे अशा खनिजांचे गारगोटी नावाचे संग्रहालय आहे.

ओढ्यात किंवा खडीच्या ढिगात पांढरा तुकडा सापडला तर दोन साध्या कसोट्या लावा. लोखंडी खिळ्याने ओरखडा उमटला आणि त्या भुकटीवर लिंबाचा रस टाकल्यावर बारीक बुडबुडे आले, तर ते कॅल्साइट. खिळ्याचा ओरखडा न उमटता उलट त्या तुकड्यानेच काचेच्या तुटक्या तुकड्यावर चरा पडला, तर ती गारगोटी. चरा पाडताना काच हातात न धरता जमिनीवर ठेवावी.

खडकाचे वजन पाण्यात करून पाहा

काळा पाषाण हातात घेतला की जड लागतो. पण किती जड? दोरीने बांधलेला दगड तानकाट्याला अडकवून प्रथम हवेत व नंतर बादलीतील पाण्यात पूर्ण बुडवून वजन करा. समजा हवेत ५६० ग्रॅम आणि पाण्यात ३६५ ग्रॅम भरले. वजनातील घट १९५ ग्रॅम, म्हणजे दगडाचे घनफळ १९५ घन सेंटिमीटर. आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शिकला आहातच. ५६० ला १९५ ने भागले की घनता सुमारे २.९ येते. घट्ट काळ्या पाषाणाची घनता साधारण २.८ ते ३ असते. आता जाळीदार दगड घेऊन हाच प्रयोग करा. घनता कमी का येते, ते सांगता येईल ना?

नदीने पाडलेले रांजण

टेकडीवरून आता नदीकडे उतरू. पावसाळ्यात जे पात्र दिसत नाही ते उन्हाळ्यात उघडे पडते. पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या जिल्ह्यांच्या सीमेवर निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात काळ्या खडकात शेकडो गोल, गुळगुळीत खड्डे पडले आहेत. रांजणासारखे दिसतात म्हणून त्यांना रांजणखळगे म्हणतात. पुराच्या पाण्याला खडकाच्या उंचसखल भागात भोवरे पडतात. एखाद्या खोलगट जागी दगडगोटे अडकले की भोवरा त्यांना गरगर फिरवतो. ते गोटे स्वतः झिजतात आणि खडकही झिजवतात. वर्षानुवर्षे असे घडत राहिले की रांजण तयार होतो. शेजारचे दोन रांजण वाढत जाऊन एकमेकांना मिळतात आणि नदीला खोल घळई मिळते.

निघोजला जाणे जमले तर उत्तमच. पण काळ्या खडकावरून वाहणाऱ्या बऱ्याच ओढ्यांत असे लहान खळगे सापडतात. खळगा सापडला तर त्याचा व्यास व खोली मोजा आणि तळाशी गोटे आहेत का पाहा. गोटे कोणत्या दगडाचे आहेत आणि किती गोल झाले आहेत, हेही लिहून ठेवा. पाणी भरलेल्या खळग्यात मात्र उतरू नका. वरून लहान दिसणारा खळगा आत पुरुषभर खोल असू शकतो आणि त्याच्या बाजू निसरड्या असतात.

विहीर : जमिनीचा उभा छेद

सहलीला जाताना विहीर पाहायला कोणी जात नाही. पण खडक शिकणाऱ्याला विहिरीइतके चांगले ठिकाण नाही, आणि तेही मे महिन्यात. पाणी खाली गेलेले असल्यामुळे बाजूचे थर स्वच्छ दिसतात. मोठ्या माणसाला बरोबर घ्या, कठडा असलेलीच विहीर निवडा आणि वाकू नका.

पठारावरच्या विहिरीत वर काळी माती असते. तिच्याखाली मुरूम लागतो, म्हणजे अर्धवट झिजलेला खडक. मुरमात कधी कधी कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सोलून निघणारे गोल दगड दिसतात. तडे गेलेल्या खडकाचे कोपरे आधी झिजून आतला गड्डा गोल उरतो, म्हणून ते तसे दिसतात. त्याखाली पोकळ्यांचा, पांढरे ठिपके असलेला खडक असतो. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्याच्याही खाली घट्ट काळा पाषाण असतो. गावातील जुन्या विहीर खोदणाऱ्याला विचारा. कोणता थर किती हातांवर लागतो हे तो तोंडपाठ सांगेल.

आता पाणी कोठून पाझरते ते पाहा. मुरूम व मांजऱ्या यांमधून, किंवा पाषाणाच्या तड्यांतून पाण्याची ओल दिसेल. घट्ट पाषाण कोरडा असतो. टेकडीच्या उतारावरचे झरे पुष्कळदा एकाच उंचीवर रांगेने असतात, त्याचेही कारण हेच आहे. वरून झिरपणारे पाणी खालच्या अभेद्य थरावर अडते आणि आडवे वाहत जाऊन उतारावर बाहेर पडते.

आपल्या खडकाच्या पोटात पाणी साठण्याची जागा थोडीच आहे. मुरूम व मांजऱ्या यांच्या १०० लिटर घनफळातून साधारण १ ते ३ लिटरच पाणी मिळते. नदीकाठच्या वाळूच्या जाड थरांतून याच्या कितीतरी पट मिळते. हिशेब करून पाहा. एक हेक्टर जमिनीखालील पाण्याची पातळी एक मीटरने उतरली आणि खडकातून शेकडा २ या प्रमाणात पाणी मिळाले, तर ते २०० घनमीटर, म्हणजे २ लाख लिटर होते. ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण एवढे पाणी एक हेक्टरवर पसरले तर त्याचा थर फक्त २ सेंटिमीटरचा होईल. पिकाच्या एका पाळीलाही ते पुरत नाही. चांगला पाऊस होऊनही पुष्कळ गावांच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये का आटतात, याचे एक मोठे कारण येथे आहे. भांडेच लहान आहे. पावसाळ्यात ते भरते, उरलेले पाणी ओढ्याने वाहून जाते आणि भरलेले भांडे आपण मार्चपर्यंत रिकामे करतो.

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरी खूप वाढल्या. त्यांनी अनेक गावांची तहान भागवली, हे खरे. पण खोलवरच्या तड्यांतील पाणी भरून यायला फार वेळ लागतो आणि ते उपसले की वरच्या विहिरींचे पाणीही काही ठिकाणी ओढले जाते. आपल्या गावात काय घडते आहे? हे मतांवर ठरत नाही, मोजावे लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठराविक वेळी मोजते. पण प्रत्येक विहिरीवर तिचा माणूस जाऊ शकत नाही. ते काम तुम्ही करू शकता.

दोरीला प्रत्येक अर्ध्या मीटरवर गाठ मारा आणि टोकाला लहान दगड बांधा. कठड्यावर एक खूण करा. दर रविवारी सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी, त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली मोजा. तारीख आणि खोली लिहा. आठ रविवारांचा आलेख काढा. जोडीला पुढील गणित करा. विहिरीचा व्यास ६ मीटर असेल तर पाण्याच्या एका मीटर उंचीत ३.१४ × ३ × ३ × १ = २८.२६ घनमीटर, म्हणजे २८,२६० लिटर पाणी असते. एका कुटुंबाला रोज २०० लिटर लागत असेल तर हे पाणी किती दिवस पुरेल? सुमारे १४१ दिवस. आणि पंप बंद केल्यावर एका तासात पाणी २० सेंटिमीटर चढले, तर विहिरीला ताशी सुमारे ५,६५० लिटर पाझर आहे असे समजावे.

भेगाळलेले शेत

विहिरीवरून परत येताना शेतातल्या भेगा पाहा. काळी माती याच काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. म्हणून मे महिन्यात काळ्या शेताला एवढ्या भेगा पडतात की त्यांत काठी उतरते. काठी घालून पाच भेगांची खोली मोजा. मग काळ्या मातीचे वाळलेले ढेकूळ आणि तेवढ्याच मुरमाचा चुरा दोन सारख्या पेल्यांत घ्या. दोन्हींत पाणी ओतून, सावकाश भिजू देऊन दुसऱ्या दिवशी पाहा. कोणत्या पेल्यातला थर फुगला? पहिल्या पावसाचे पाणी भेगांवाटे खोल जाते. पण माती फुगून भेगा मिटल्या की तीच माती पाणी आत जाऊ देत नाही. काळ्या रानात पाणी तुंबते ते यामुळे.

काळा पाषाण नसेल तर?

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातील वाचक म्हणतील, "आमच्याकडे तर तांबडा जांभा आहे." जांभ्याचीही कथा तितकीच रंजक आहे. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस असला की खडकातील सिलिका आणि इतर विद्राव्य द्रव्ये धुऊन जातात आणि लोह व अॅल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. त्याच तांबड्या अवशेषाचा जांभा बनतो. तो खाणीत मऊ असतो आणि उघड्यावर हवा लागून टणक होतो, म्हणून चिरे पाडणे सोपे जाते. गावाजवळच्या चिरेखाणीच्या वरच्या आणि खालच्या भागातील रंग व भोके यांत काय फरक आहे, तो खाणीच्या बाहेर उभे राहून पाहा. रत्नागिरी जिल्ह्यात बारसू, कशेळी, उक्षी येथील सड्यांवर आणि गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्यावर कोरलेली प्राचीन चित्रे आहेत. कोकणातील कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला.

नागपूरच्या परिसरात दोन प्रवाहांमध्ये तळ्यांचा गाळ सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरजवळच्या टाकळी येथून असा गाळ तपासून त्यातील शंखशिंपल्यांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले. लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तेथे तळी होती आणि त्यांत जीवसृष्टी नांदत होती, हे त्यावरून कळले. चंद्रपूर-गडचिरोलीकडे तर दक्षिण ट्रॅपहून कितीतरी जुने खडक आणि दगडी कोळशाचे थर आहेत.

वहीचे मोल

निघताना काही गोष्टी कटाक्षाने पाळा. सकाळी सहाला निघा आणि साडेनवाच्या आत परत या. पाणी आणि टोपी जवळ ठेवा. एकटे जाऊ नका आणि कोठे जातो ते घरी सांगा. दगड हाताने उलटू नका, खाली विंचू असतो, काठीने सरकवा. चालू खाणीत शिरू नका. गडाचा, लेण्याचा किंवा कातळशिल्पाचा दगड फोडणे तर दूरच, त्यावर खडूही चालवू नका. नमुना हवा असेल तर रस्त्याच्या कडेला पडलेला तुकडा पुरतो. त्याला कागद गुंडाळून गाव, जागा, थर आणि तारीख लिहा. जागा न लिहिलेला सुंदर स्फटिक शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो.

गावाभोवतालच्या टेकड्या आज झपाट्याने बदलत आहेत. खडीसाठी आणि घरांसाठी त्या फोडल्या जातात. गिल्बर्ट टेकडीचाही आता थोडाच भाग उरला आहे आणि तो इमारतींनी वेढलेला आहे. घरे आणि रस्ते हवेतच. पण कोणत्या टेकडीतून झरा येतो, कोणत्या मुरमातून गावची विहीर भरते, हे ठाऊक नसताना टेकडी फोडली तर नुकसान कळायला पुढचा उन्हाळा यावा लागतो. तेव्हा उपाय उरत नाही.

म्हणून शिक्षकांना एक विनंती आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली की विद्यार्थ्यांच्या वह्या एकत्र करून गावाचा एक मोठा नकाशा काढावा. त्यावर टेकड्यांच्या पायऱ्या, लाल पट्टे, झरे, खळगे आणि प्रत्येक विहिरीची मे महिन्यातली पातळी नोंदवावी. ऑक्टोबरात त्याच विहिरी पुन्हा मोजाव्यात आणि पुढच्या मे महिन्यात आणखी एकदा. तीन-चार वर्षांत त्या शाळेकडे अशी माहिती जमेल की ग्रामपंचायतीला नवी विहीर कोठे खोदावी किंवा बंधारा कोठे घालावा याचा विचार करताना ती मागवून घ्यावी लागेल. पहिली नोंद या रविवारी सकाळी करता येईल.